धुराचं मशीन आणि करंजकोंडचं लग्न

मित्रांनो, मी एक जुनं धुराचं मशीन आहे. सरकारी कागदांत माझं नाव 'धूर फवारणी यंत्र' असं भारदस्त लिहिलेलं असतं, पण पोलादपूर तालुक्यात त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही. लोक मला 'फटफट्या' म्हणायचे. माझा आवाज ऐकला असता, तर तुम्हीही तेच म्हटलं असतं.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. कोणी माझी लांब नळी वाकवली, कोणी पेट्रोलची छोटी टाकी बसवली, कोणी औषध मिसळलेल्या डिझेलची मोठी टाकी जोडली. शेवटी एका कारागिराने मला अंगणात नेऊन सुरू केलं. मी असा काही गरजलो, की छपरावरची कबुतरं उडाली आणि शेजारच्या टपरीवरच्या माणसाच्या हातातला चहा सांडला. कारागीर खूश झाला. मीही खूश झालो. आपण या जगात काहीतरी मोठं करायला आलो आहोत, असं मला त्या दिवसापासून वाटू लागलं.

पेंढ्यात गुंडाळून मला अलिबागला पाठवलं आणि तिथून जीपमधून मुंबई-गोवा हायवेने, महाडला सावित्रीचा पूल ओलांडून, पोलादपूरच्या आरोग्य केंद्रात. ते नव्वदचं दशक सरत आलं होतं. केंद्रात मला ज्याच्या हवाली केलं, त्या माणसाचं नाव हैबती. उंच, काटक, झुबकेदार मिशांचा हा माणूस फवारणीचं काम करायचा. माझ्या आधी त्याच्याजवळ हातपंप होता. त्या पंपाने तो घरांच्या भिंतींवर औषध मारायचा. भिंतीवर पांढरे डाग पडतात, देव्हाऱ्यावर शिंतोडे उडतात, म्हणून हैबती दिसला की लोक दाराला कडी घालायचे.

माझा पट्टा खांद्यावर आला आणि हैबतीचे दिवस पालटले. आता तो आला की दारं उघडायची. कानात कापूस, तोंडाला उपरणं, खांद्यावर मी, आणि मागे पांढऱ्याशुभ्र धुराचा लोट. गावातली सगळी पोरं त्या धुरात शिरायला धावायची. हैबती त्यांना हाकलायचा. "ऱ्हावा लांब. औषध हाय ते, देवाची धुनी नाय." पोरं कसली ऐकतात? पण पोरं मागे धावतात, म्हणजे आपण थोर आहोत, असं मला वाटायचं. हैबतीलाही वाटायचं. तो मिशीला पीळ देऊनच मला सुरू करायचा.

त्या वर्षांत मी खूप हिंडलो. कशेडी घाटात दरड कोसळली की ती उपसायला आलेल्या मजुरांच्या झोपड्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. तिथे थंडी वाजून ताप यायचा. रणरणत्या उन्हात माणूस घोंगडी पांघरून कुडकुडायचा. तो मलेरिया. मी तिथे जायचो. महाडला जादा मशीन लागलं की मला गटारांच्या कडेनेही फिरवायचे. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा पाय उखळासारखा सुजलेला मी पाहिला. तो हत्तीपाय. मला वाटायचं, डास म्हणजे डास. आवाज केला, धूर सोडला, पडले. त्यांची घराणी कोण मोजत बसतो?

ती मोजायला शिकवलं डॉक्टर प्रमोदिनी यांनी. त्या पुण्याहून नव्याने आमच्या केंद्रात आल्या होत्या. वयाने लहान, चालणं झपझप, बोलणं शांत. जीपमध्ये मला मांडीशी धरून बसलेल्या हैबतीला त्या एकदा म्हणाल्या, "हैबतीदादा, आपल्याला चावतात त्या सगळ्या माद्या. पण त्यांच्या तीन निरनिराळ्या तऱ्हा. मलेरियाची अ‍ॅनॉफिलीस रात्रीची येते. भिंतीवर बसली की शेपटीकडचा भाग वर, जणू शीर्षासन करतेय. तिला स्वच्छ, संथ पाणी लागतं. ओढ्याचा काठ, शेतातलं पाणी, विहीर. हत्तीपायाच्या क्युलेक्सला गटाराची घाण आवडते."

"आन तिसरी?" हैबतीने विचारलं.

"तिसरी एडिस. अंगावर, पायांवर पांढरे पट्टे. ती दिवसाढवळ्या चावते आणि आपल्याच घरात राहते. आपण पिण्यासाठी भरून ठेवलेल्या चांगल्या पाण्यात अंडी घालते. डेंग्यू तिचाच, आणि आता चिकुनगुन्याही तिचाच."

"म्हंजे घरातलीच निघाली की," हैबती म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. चिकुनगुन्या हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दोन हजार सहा साल होतं ते. उन्हाळ्यात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

आंबेनळी घाटाच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत करंजकोंड नावाची वाडी आहे. त्या वर्षी शिमग्याला मुंबईहून आलेल्या कोणाला तरी ताप आला, आणि बघता बघता सगळी वाडी कमरेत वाकली. ताप दोन-चार दिवसांत उतरायचा, पण सांधे धरून ठेवायचा. कोणाला मूठ वळेना, कोणाला उकिडवं बसता येईना. धट्टेकट्टे गडी भिंतीला धरून चालू लागले. चिकुनगुन्याच्या या दुखण्याला खास औषध नाही. ताप उतरवायची गोळी, विश्रांती आणि भरपूर पाणी. डॉक्टरबाई ते देत होत्याच. पण नव्याने ताप येणाऱ्यांची रांग थांबत नव्हती.

आणि त्या वाडीत लग्न होतं. मालोजी आणि बनुबाई या शेतकरी जोडप्याच्या मुलीचं, रेश्माचं. मे महिन्याच्या शेवटाला तारीख धरलेली. मालोजींना ताप येऊन गेला होता आणि ते गुडघे धरून बसले होते. मुलाकडचे महाडच्या अलीकडच्या एका गावचे. त्यांचा निरोप आला, की आजाराच्या गावात वऱ्हाड आणायला आमची माणसं तयार नाहीत. ताप थांबला तर ठीक, नाहीतर लग्न पुढच्या वर्षी बघू.

मालोजींनी आरोग्य केंद्रात माणूस धाडला. निरोप एवढाच होता, "फटफट्या पाठवा."

मित्रांनो, तो दिवस मला आठवतो. वाडीत शिरताना लोकांनी माझ्यासाठी नारळ फोडला. मालोजी काठी टेकत अंगणात आले आणि म्हणाले, "आता मच्छर औषधाला पन उरनार नाय." मी छाती भरून गरजलो. घराघरात धूर भरला, कोंबड्या पळाल्या, म्हशी हंबरल्या. संध्याकाळी डास पडले, हे खरं. वाडी त्या रात्री आनंदात झोपली.

आठवड्याभरात आणखी काही घरांत ताप आला. मला पुन्हा नेलं. मी पुन्हा गरजलो. पुन्हा थोडे दिवस बरे गेले, आणि पुन्हा ताप. मग लोक कुजबुजू लागले. मशीन जुनं झालंय. औषधात पाणी घालतात. हैबतीला हात चालवता येत नाही. परतताना हैबतीने मिशीला हात लावला नाही. माझ्या नळीत तर जीव उरला नव्हता. गावोगाव पोरं मागे धावली होती, ती काय उगाच?

तिसऱ्या खेपेला डॉक्टरबाई स्वतः आल्या. त्यांनी मला सुरूच करू दिलं नाही. मालोजींच्या पडवीत मला खांबाला टेकवून ठेवलं आणि त्या घरभर फिरून पाण्याची भांडी बघू लागल्या. पडवीत भिंतीशी निळी पिंपं ओळीने भरून ठेवलेली होती. लग्नाचं पाणी. मे अखेरीला झरा आटतो, म्हणून बनुबाईने महिनाभर डोक्यावरून हंडे आणून ते साठवलं होतं. डॉक्टरबाईंनी काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. पाण्यात सुतासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या. डोकं खाली, शेपूट वर.

"बनुबाई, हे बघा."

बनुबाईने पाहिलं. तिला नवल वाटलं नाही. "पान्यातलं किडं हायेत. दरसाल असतात. आमी फडक्यानं गाळून पितो."

"हेच डास होतात. या पाण्यातून रोज नवे डास उडतात. आम्ही धुराने आजचे मारतो, उद्या दुसरे तयार. हे पाणी ओतून टाकायला हवं. सगळ्या वाडीने."

बनुबाई उंबऱ्यावर बसली. पदराने तोंड पुसलं. आवाज चढवला नाही. "ओता म्हनायला काय जातंय, डाक्टरबाय? तुमच्याकडं नळ हाय. उद्या सकाळी माझ्यासंगती झऱ्यावर चला. मग सांगा, ओतू का नको."

हैबती मधे पडायला गेला, पण डॉक्टरबाईंनी त्याला हाताने थांबवलं. "येते," त्या म्हणाल्या. जाताना तो पेला त्यांनी फडकं बांधून खिडकीत ठेवला आणि रेश्माला म्हणाल्या, "हा फेकू नकोस. दोन-तीन दिवस बघत राहा." मी तिथेच राहिलो, कारण फवारणीचं नंतर बघू, असं ठरलं होतं.

सकाळी डॉक्टरबाई खरंच आल्या. बनुबाईबरोबर डोंगर उतरून गेल्या. परतल्या तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. बनुबाईच्या डोक्यावर एकावर एक दोन हंडे होते, एक थेंब हललेला नव्हता. डॉक्टरबाईंच्या कमरेला एक कळशी होती, ती अर्धी रिकामी आणि साडी अर्धी ओली. त्या माझ्याशेजारी पडवीत बसल्या. कंबर दाबू लागल्या.

"लागली का कळ?" बनुबाईने विचारलं आणि त्यांच्यापुढे गुळाचा खडा ठेवला.

"लागली," त्या म्हणाल्या. "हे पाणी ओतायचं नाही. माझं चुकलं. पण याला असं उघडंही ठेवायचं नाही. दुसरं काहीतरी करू."

पाणी वाया न घालवता अळ्या कशा काढायच्या, यावर दोघींचं बोलणं सुरू झालं. फडक्याने गाळणं बनुबाईला माहीत होतं. अंडी पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि पाणी संपलं तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, हे डॉक्टरबाईंना माहीत होतं. मग ठरलं. एका पिंपातलं पाणी हंड्यांत गाळून ते रिकामं करायचं. नारळाच्या काथ्याने आतून खसाखसा घासायचं. उन्हात पालथं घालायचं. वाळलं की शेजारच्या पिंपातलं पाणी दुपदरी कापडातून गाळून त्यात घ्यायचं. मग दुसरं घासायचं, मग तिसरं. गाळलेल्या अळ्या कापडासकट तापल्या कातळावर टाकायच्या. आणि प्रत्येक पिंपाचं तोंड घट्ट बांधायचं, डासाला फट मिळता कामा नये. थेंबभर पाणी फुकट जाणार नव्हतं.

"पन एकट्या माझ्या घरानं काय व्हनार?" बनुबाई म्हणाली. "शेजारनीचं मच्छर माझ्याकडं येतीलच."

ते खरं होतं. आणि शेजारणी ऐकत नव्हत्या. एकीने सांगितलं, धूर सोडा नि जा. दुसरीने विचारलं, हात वळत नाहीत तर पिंपं कोण घासणार?

वाडीला हलवलं ते रेश्माने. खिडकीतल्या पेल्यावर तिचं लक्ष होतं. अळ्यांचे आधी वाकडे टिंब झाले, स्वल्पविरामासारखे. मग एके सकाळी एका टिंबाची पाठ उकलली आणि त्यातून डास बाहेर आला. आपल्याच सोडलेल्या कातडीवर उभा राहून त्याने पंख वाळवले. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे होते. रेश्माने तो पेला उचलला आणि तशीच घरोघर फिरली. कोणाला उपदेश केला नाही. फडक्याखालचे डास दाखवायची आणि म्हणायची, "ह्ये आमच्या लग्नाच्या पान्यातनं निघालं. तुमच्या पिंपात बघू का, काकी?"

नवरी मुलगी दारात येऊन विचारते, तिला नाही कोण म्हणणार? काकी पिंप बघायची आणि काथ्या शोधायला लागायची.

त्यानंतरच्या सोमवारी सगळ्या करंजकोंडात पिंपं पालथी पडली. ज्यांचे हात धरले होते, त्यांनी पोरांना हाताशी घेतलं. ज्यांना वाकता येईना, त्यांनी बसल्या जागी कापडं फाडली. कापड कमी पडलं, तेव्हा मालोजींना आठवलं, की मागल्या दोन निवडणुकांचे कापडी फलक माळ्यावर पडून आहेत. ते खाली आले, फाडले गेले आणि वाडीभर पिंपांच्या तोंडांवर बांधले गेले. संध्याकाळी बघतो, तर दर दाराशी एका पिंपावर 'प्रचंड बहुमताने' आणि दुसऱ्यावर 'विजयी करा'. बनुबाईच्या मोरीतल्या पिंपावर एका उमेदवाराच्या नुसत्या मिशा आल्या होत्या. हैबती त्या मिशांकडे बघून हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग त्याने फुटक्या माठांतलं, करवंट्यांतलं आणि गोठ्यामागच्या टायरातलं साचलेलं पाणी उलथून टाकलं.

सगळं झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता मशीन सुरू करा, हैबतीदादा. उडणारे आहेत तेवढे पाडा."

मी गरजलो. पण मित्रांनो, त्या दिवशी माझ्यामागे एकही पोर धावलं नाही. सगळी पोरं पिंपं घासण्यात आणि एकमेकांवर काथ्या फेकण्यात गुंग होती. मला आधी वाईट वाटलं. मग धुरातून मी त्या ओल्या, हसऱ्या अंगणांकडे बघितलं, आणि मला कळलं की आज माझ्याआधीच निम्मं काम झालेलं आहे.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून पुढच्या सोमवारीही पिंपं पालथी झाली. नव्या तापाची माणसं कमी झाली. त्याच्या पुढच्या सोमवारी एकच जण निघाला आणि मग कोणी नाही. सांधे दुखतच होते, ते हळूहळू बरे व्हायचे होते. पण नवा ताप थांबला.

तेव्हा मुलाकडून गोमाजी आले. नवऱ्या मुलाचे मामा. गावाची हालत बघून वऱ्हाडाचं काय ते ठरवायचं, म्हणून त्यांना पाठवलं होतं. भर उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं, कानाला मफलर. मी आणि हैबती त्या दिवशी शेवटच्या फवारणीला वाडीत होतो, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. मालोजींनी त्यांना घोंगडीवर बसवलं. गोमाजींची नजर सारखी कोपऱ्याकोपऱ्यात डास शोधत होती.

"ताप कुनाला?" त्यांनी विचारलं.

"आता कुनाला नाय," मालोजी म्हणाले.

"सगळी तसंच सांगतात."

बनुबाईचा चेहरा उतरला. एवढं महिनाभराचं पाणी, एवढी घासाघाशी, आणि हा माणूस मफलरही सोडायला तयार नाही. तेवढ्यात रेश्मा पुढे आली. डोक्यावर पदर घेतला होता. तिने एका पिंपाचं कापड सोडलं, काचेच्या पेल्यात पाणी भरलं आणि मामांच्या हातात दिलं.

"उजेडात धरून बघा, मामा. मग प्या."

गोमाजींनी पेला धरला. पाणी नितळ होतं. त्यांनी घोट घेतला, मग सगळा पेला संपवला.

"मामा, तुमच्याकडं पिंपं किती हाईत?" रेश्माने विचारलं.

"असतील धा-बारा. का गो?"

"तोंडं बांधलेली हाईत?"

गोमाजींनी रिकामा पेला खाली ठेवला. मालोजींनी मुलीकडे डोळे मोठे करून पाहिलं. लग्न ठरायच्या बोलीत नवरीने तोंड उघडायची तिथे रीत नव्हती. पण बनुबाईने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि रेश्माला म्हणाली, "बोल गो. बोल."

"मी येन्याआधी बांधून घ्या," रेश्मा म्हणाली. "एवढी मेहनत करून हितलं मच्छर घालवलं. तिकडं येऊन परत त्येच नाय करायचं मला. दर सोमवारी पिंपं घासायची, ह्ये कबूल असंल तर वऱ्हाड आना."

गोमाजींनी हळूच मफलर सोडला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. "मालोजीराव," ते म्हणाले, "आमच्याकडं गेल्या आठवड्यापासनं दोघं जन तापानं झोपलेत. आमी म्हनत व्हतो, तुमच्या गावची हवा लागली. पोरीची अट कबूल. तारीख पुढं नको ढकलायला. हाय तीच ऱ्हाऊ द्या म्हनतो मी."

बनुबाई हसली आणि आत चहा टाकायला गेली. तिथून ती बराच वेळ बाहेर आली नाही. डोळे पुसत होती, असं मला वाटतं.

लग्न ठरल्या तारखेला झालं. त्याआधी हैबती आणि मी मुलाकडच्या गावीही जाऊन आलो. तिथेही आधी पिंपं, मग धूर. मांडवात डॉक्टरबाई नवी साडी नेसून आल्या. मालोजी आखडलेल्या गुडघ्यांनी वाजंत्रीपुढे नाचले. त्यांचे दोन्ही पाय ताठ आणि हातच तेवढे हलणारे, तरी त्यांना थांबवायला कोणी धजलं नाही. फोटोवाल्याने सगळ्यांना उभं केलं, तेव्हा मालोजी ओरडले, "फटफट्याला पन घ्या." आजही त्या घरच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या बाजूला हैबती उभा आहे, आणि त्याच्या खांद्यावर झेंडूची माळ घातलेला मी.

त्यानंतर मी आणखी थोडी वर्षं हिंडलो. पुढे गाडीवर बसवायचं मोठं मशीन आलं. हैबती निवृत्त झाला. मला केंद्राच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटांच्या मागे ठेवून दिलं. माझा पट्टा कुरतडला गेला, नळी गंजली, टाकीत कोळ्याने जाळं विणलं. सुरुवातीला मला खूप वाटायचं, कोणीतरी यावं, मला पुसावं, एकदा तरी सुरू करावं. एका वर्षी पावसाळा पूर्ण सरला आणि करंजकोंडातून धुरासाठी एकही निरोप आला नाही. खोलीबाहेर दोन नर्सबाई तेच बोलत होत्या. मित्रांनो, मला कोणीही हाक न मारलेलं ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं.

म्हणून माझ्यासाठी हळहळू नका. मला तेलपाणी केलं नाही तरी चालेल. माझा धूर आला की डास पडतात, पण ते पाण्यातून पुन्हा उठतात. ते पाणी तुमच्या ताब्यात असतं, माझ्या नाही. फ्रिजच्या मागची ताटली, कुंडीखालची बशी, कूलरची टाकी, गच्चीवरचा जुना टायर, देवघरातल्या फुलदाणीचा तळ. तिथे तुमचा हात पोहोचतो. आठवड्यातून एक वार ठरवा आणि घरातल्या कोणालाही न विचारता उठा. पाणी उपसा, भांडं घासा, वाळवा, तोंड बांधा. आजी विचारेल, काय चाललंय? तिलाही पेल्यातली अळी दाखवा.

मला इथे अंधारात बसून राहू द्या. तुमचं गाव निरोगी असेल, तर मला आवाज करायची काही हौस नाही.